वाटणीच्या आधीची वकिली

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या समाजात कायद्याच्या कोणत्याही कलमापेक्षा अधिक प्रसिद्ध आहे. तरीही दिवाणी न्यायालयांचे व्हरांडे सकाळी अकरा वाजता गजबजलेले असतात. त्या गर्दीत एकमेकांविरुद्ध उभी असलेली पुष्कळशी माणसे परकी नसतात; सख्खी भावंडे असतात. दिवसाच्या कामाची जी यादी कोर्टाच्या फलकावर लावलेली असते, ती सहज वाचली तरी वाटणीच्या दाव्यांत वादी आणि प्रतिवादी यांचे आडनाव बहुधा एकच असल्याचे दिसून येईल.

कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांपुढे मात्र वकिलीचे वेगळेच चित्र असते. भरलेले न्यायालय, रंगलेली उलटतपासणी, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलेले नाव! ज्याला पैसा हवा तो कर किंवा कंपनी कायद्याकडे वळतो, ज्याला नाव हवे तो फौजदारीकडे. 'मी कुटुंबांची मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे आणि वाटणीपत्रे करून देतो, आणि एवढेच करतो,' असे सांगणारा वकील विरळा. सांगितलेच, तर 'म्हणजे दस्तलेखकाचे काम ना?' हा प्रश्न ठरलेला असतो. सुरतेत वकिली करीत असताना मी इतर कामे हळूहळू बाजूला ठेवून हेच काम पत्करले. ते का पत्करले, आणि आपल्यापैकी ज्यांना वकील व्हायचे आहे त्यांनीही त्याचा गंभीरपणे विचार का करावा, हे या लेखात सांगायचे आहे.

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० सालच्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. आजच्या सुरतेत मराठी माणूस पोटासाठी जातो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत हिंडताना कानांवर अहिराणी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो कुटुंबे यंत्रमाग आणि साड्यांच्या धंद्यामुळे तेथे स्थायिक झाली आहेत. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही तेथे आहेत. दुसरीकडे सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा असा वाढवला, की जगातील बहुतेक हिरे आज या एका शहराच्या हातांखालून जातात. डिसेंबर २०२३ मध्ये खजोद येथे हिरे बाजाराच्या प्रचंड इमारतीचे उद्घाटन झाले, ते याच वैभवाचे प्रतीक होय.

या सर्व संपत्तीचे एक वैशिष्ट्य आहे. ती बहुतांशी एका-दोन पिढ्यांत मिळवलेली आहे आणि ती शब्दावर उभी आहे. हिऱ्यांचा माल कागदाच्या पुडीतून या हातातून त्या हातात तोंडी व्यवहारावर जातो, आंगडिया नावाचा निरोप्या लाखोंचा ऐवज विश्वासावर पोचवतो. व्यापारात हा विश्वास हे सुरतेचे मोठेच भांडवल आहे. पण घरातही व्यवहार याच पद्धतीने चालतो, आणि तेथे एक अडचण येते. शब्द देणारा माणूस गेला की त्याचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. शहरातली खोली धाकट्या भावाच्या नावावर, कारण घेताना थोरल्याकडे कागदपत्रे नव्हती. गावची जमीन अजून आजोबांच्या सातबाऱ्यावर. मागांच्या खरेदीत तिघांचे पैसे, पण लिखापढी एकाचीही नाही. जोवर वडील आहेत तोवर कोणाचे किती हे सर्वांना ठाऊक असते. वडील गेल्यावर प्रत्येकाला ते वेगवेगळे ठाऊक असते.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तापीने सुरतेचा फार मोठा भाग बुडवला. अशा पुरात घरातली भांडी वाचतात. पत्र्याच्या पेटीतले कागद वाचत नाहीत. पुढे २०२० आणि २०२१ च्या साथीने दाखवून दिले की मरण वयाचा क्रम पाळतेच असे नाही. चाळिशीतली माणसे गेली. त्यांच्या बायकांना नवऱ्याचे खाते कोणत्या बँकेत आहे, विम्याचा हप्ता भरला होता की नाही, कोणाला पैसे दिले होते, यातले काहीच ठाऊक नव्हते. अशा वेळी वकिलाला फारसे काही करता येत नाही. त्याने करावयाचे काम दोन वर्षांपूर्वी, अर्ध्या तासात करावयाचे होते.

'हे सारे श्रीमंतांसाठी,' असा आक्षेप येथे घेतला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याच्याजवळ पाच बंगले आहेत त्याच्या वारसांनी वीस वर्षे दावा लढवला तरी त्यांच्या राहण्याची सोय असते. ज्या कुटुंबाजवळ एकच खोली आहे त्याचा दावा म्हणजे छप्पराचाच दावा. आणि मृत्युपत्र करणे ही खर्चाची बाब नाहीच. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणाही व्यक्तीला साध्या कागदावर ते करता येते. त्याला मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि ते पाहणाऱ्या दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष सह्या कराव्यात, एवढी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याची मुख्य अट आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला गुप्तता हवी त्याला बंद लिफाफ्यात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवताही येते. सुरतेतली खोली आणि धुळे जिल्ह्यातली जमीन अशा दोन राज्यांतल्या मालमत्तेसाठी एकच मृत्युपत्र पुरते. हे सर्व इतके सोपे असूनही ते होत नाही, याचे कारण एकच. मरणाची गोष्ट काढणे अभद्र मानले जाते. घराचे वासे मोजून ठेवणारा माणूस आपल्या पश्चात ते घर कोणाचे, हा प्रश्न मात्र देवावर सोडतो.

काही जण म्हणतात, 'आम्ही नॉमिनीचे नाव लावले आहे, मग आणखी काय हवे?' सुशिक्षितांतही हा गैरसमज मोठा आहे. प्राध्यापक मंडळीही त्याला अपवाद नाहीत. सरबती देवी यांच्या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विम्याची रक्कम नॉमिनीच्या हाती पडते ती केवळ स्वीकारण्यासाठी. तिच्यावर हक्क वारसांचा, असा त्या वेळचा निर्वाळा होता. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगांवकर या मुंबईच्या खटल्यात शेअर्सच्या बाबतीतही हेच तत्त्व सांगितले गेले. तेव्हा बँकेच्या अर्जावर एक नाव, मृत्युपत्रात दुसरे आणि मनात तिसरे, अशी स्थिती ठेवणे म्हणजे आपल्या हाताने भांडणाचे बी पेरून जाणे होय.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मृत्युपत्र नसेल तर संपत्तीचे काय होते? कायदा बोलतो. हिंदूंसाठी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आहे. पण कायद्याला तुमचे घर ठाऊक नसते. नारायणी देवी नावाच्या एका स्त्रीची हकिकत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालात आहे. १९५५ साली तिचे लग्न झाले आणि तीन महिन्यांच्या आत नवरा सर्पदंशाने गेला. सासरने तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकवले; तिने नोकरी केली, पैसे साठवले आणि १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. तिच्या आईने वारस म्हणून अर्ज केला. त्याच वेळी नवऱ्याच्या बहिणीचे मुलगेही पुढे आले. चाळीस वर्षे जिची चौकशीही केली नव्हती, तिच्या कष्टाची पुंजी त्यांनाच मिळाली. कारण निपुत्रिक विधवेने स्वतः मिळवलेली संपत्ती, मृत्युपत्र नसल्यास, आईबापांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते, असे १९५६ च्या कायद्याचे पंधरावे कलम सांगते. न्यायालयाला सहानुभूती होती. पण कलमाचा अर्थ सहानुभूतीने बदलत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा एक कागद असता, तर हा खटलाच उभा राहिला नसता.

ही स्थिती आजही कायम आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मूळच्या कर्नाटकातील न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने सर्व स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले ते याच कलमाच्या संदर्भात. लिंबायतच्या चाळीतली एखादी स्त्री घरबसल्या साड्यांना लेस आणि टिकल्या लावून चार पैसे साठवते आणि आपल्या नावावर खोली घेते, तेव्हा हे आवाहन तिच्यापर्यंत कोणी पोचवायचे? न्यायालय तिच्या दारी येणार नाही. वकील जाऊ शकतो.

सुरतेच्या संदर्भात आणखी एक मराठी नाव घेतले पाहिजे. डॉ. रखमाबाई या १८९५ च्या सुमारास इंग्लंडहून वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या आणि सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. बालपणी लावून दिलेल्या लग्नातील पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, आणि १८८४ ते १८८८ या काळात मुंबईत गाजलेला दादाजी भिकाजी यांचा खटला त्यांनी लढवला, हे आपण इतिहासात वाचतो. त्या प्रकरणाला मालमत्तेचीही एक बाजू होती, हे मात्र कमी सांगितले जाते. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले, आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि वडिलांची मालमत्ता या मुलीकडे आली. खटल्याच्या वादंगात त्या मालमत्तेचा उल्लेख पुन्हापुन्हा होत राहिला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले तेव्हा ही तरुणी तुरुंगात जाण्यास तयार झाली, ते तिचे धैर्य. पण स्त्रीच्या नावावर काही असणे आणि नसणे याने तिच्या शब्दाला किती वजन येते, हेही त्या प्रकरणावरून समजते.

आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, म्हणून एक जुनी गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. भारताच्या फार मोठ्या भागात हिंदूंचा वारसा ज्या 'मिताक्षरा' ग्रंथावरून ठरत आला, तो विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे लिहिला. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला अग्रमान होता. त्याचा कर्ता नीलकंठ भट्ट हा पैठणहून काशीस गेलेल्या घराण्यातला. म्हणजे बेळगाव-धारवाडच्या घरातील वाटणी कर्नाटकात लिहिलेल्या ग्रंथावर चाले आणि सुरतेतील वाटणी मूळच्या मराठी पंडिताच्या ग्रंथावर! १९५६ पर्यंत हे दोन्ही प्रदेश मुंबईच्याच अमलाखाली होते आणि मुंबईच्या न्यायालयांत हे दोन्ही ग्रंथ वाचले जात. मयूखाने बहिणीला वारसांत वरचे स्थान दिले होते. विज्ञानेश्वराने स्त्रीधनाचा अर्थ व्यापक केला होता. आपल्या शास्त्रकारांनी स्त्रीचा विचार केलाच नाही असे नव्हे. पण एकत्र कुटुंबात जन्माने हक्क मुलालाच, ही चौकट मात्र शतकानुशतके टिकली.

ती चौकट मोडायला फार वेळ लागला. १९९४ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी, आधी लग्न झालेल्या मुली वगळून, मुलींना सहदायादाचा हक्क दिला. गुजरातच्या मुलींना २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीची वाट पाहावी लागली. तो हक्क जन्मानेच आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा यांच्या खटल्यात मिळाला.

कायद्याने मुलीला दिले. पण जे कायदा देतो, ते मृत्युपत्राने काढून घेता येते, ही या विषयातली सर्वांत अवघड बाब आहे. वडिलांना आपला हिस्सा कोणालाही देण्याची मोकळीक त्याच १९५६ च्या कायद्याच्या तिसाव्या कलमाने आहे. म्हणून २००५ नंतर मृत्युपत्र करणारे सगळेच काही दूरदृष्टीने करतात असे नाही. 'मुलीचा भाग निघू नये म्हणून' करणारेही असतात. जेथे मृत्युपत्र नसते तेथे हक्कसोडपत्र असते. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात साडी पडते आणि आठ दिवसांनी तिची कागदावर सही होते. 'माहेर तुटू नये' या तीन शब्दांच्या भीतीपोटी तिने काय सोडले हे तिला कोणी वाचूनही दाखवत नाही.

मग, कोणी विचारील, जी लेखणी दुबळ्याचा हक्क काढूनही घेते, ती तुम्ही हातात का धरता? याचे उत्तर हेच माझ्या निवडीचे कारण आहे. न्यायालयात दोन्ही बाजूंना वकील असतो आणि वर न्यायाधीश असतो. मृत्युपत्र लिहिले जाते त्या टेबलाशी न्यायाधीश नसतो, आणि जी सासरी आहे, जो परगावी आहे, जी अर्धवट आजारी अवस्थेत घरात पडून आहे, त्या गैरहजर माणसाचा वकीलही नसतो. तेथे 'आणि मुलीचे काय?' हा प्रश्न विचारू शकणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे लिहून घेणारा वकील. त्याने विचारले नाही तर तो प्रश्न वीस वर्षांनी न्यायालयात विचारला जातो, आणि तेव्हा उत्तर देणारा हयात नसतो.

म्हणून या कामाचे काही नियम पाळावे लागतात. मुलगा वडिलांना घेऊन आला, तर मुलाला बाहेर बसवून वडिलांशी एकट्याने बोलावे. मुले किती, सुना किती, विधवा बहीण कोणी आहे का, अपंग मूल आहे का, हे विचारावे. गुजरातेत ज्याला पेढीनामुं म्हणतात ती वंशावळ आधी कागदावर काढावी, म्हणजे कोणी विसरले जात नाही. एखाद्याला कमी द्यायचे असेल तर कारण त्यांच्याच शब्दांत लिहावे. कारण लिहू लागले की पुष्कळ वेळा ते लिहिण्याजोगे नाही हे त्यांचे त्यांनाच उमगते. पत्नीला 'मुलांनी सांभाळावे' असे लिहिण्यापेक्षा राहत्या घराचा हक्क तिला हयातभर द्यावा. आणि मसुदा लाभ घेणाऱ्याने आणलेला असेल, तर तो नाकारावा. म्हैसूरच्या वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्माजम्मा या खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व सांगितले आहे की मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल आणि मोठा लाभही त्यालाच होत असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. त्या खटल्यात ते मृत्युपत्र टिकले नाही. सुरतेसारख्या शहरात बोहरा, पारशी, जैन, ख्रिस्ती अशी अनेक घरे असतात. मुसलमान कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापलीकडे वसियत चालत नाही, पारशांचे नियम आणखी निराळे. तेव्हा एकच छापील नमुना सर्वांना देणारा वकील घात करतो.

अखेरचा शब्द अर्थात ज्याची संपत्ती त्याचाच. वकिलाला प्रश्न विचारण्याचा आणि काम नाकारण्याचा अधिकार आहे; निर्णय लादण्याचा नाही. प्रश्न आवडला नाही म्हणून उठून दुसरीकडे जाणारे अशीलही असतात. या व्यवसायात पैसाही मर्यादित. दावा वर्षानुवर्षे चालतो आणि प्रत्येक तारखेला फी मिळते. मृत्युपत्राची फी एकदाच. कीर्ती तर नाहीच, कारण जो दावा झाला नाही त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पण दोन भाऊ वडिलांच्या वर्षश्राद्धाला एका पंगतीत बसतात आणि बहीण त्या घरी पाहुणी म्हणून न येता हक्काने येते, यात आपला काही वाटा आहे, हे समाधान मला खटला जिंकल्याच्या समाधानापेक्षा कमी वाटत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या भागातली कितीतरी घरे आज सुरत, पुणे, मुंबई, बंगळूर अशी विखुरलेली आहेत. जमीन एका राज्यात, नोकरी दुसऱ्यात आणि मुले तिसऱ्यात. या घरांना येत्या काळात वाद जिंकून देणाऱ्या वकिलांपेक्षा वाद टाळून देणाऱ्या वकिलांची गरज अधिक भासेल. ज्यांना कायद्याकडे जायचे नाही त्यांनीही एक काम करण्याजोगे आहे. वडिलांना मृत्युपत्राविषयी विचारणे कदाचित जड जाईल. मग आईपासून सुरुवात करावी. तिच्या नावावर काय आहे, आणि त्याचे पुढे काय व्हावे असे तिला वाटते, हे तिला विचारावे. बहुतेक घरांत हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेला नसतो.